बाळ उशिरा रडलं

मुलांच्या मेंदूविकारांच्या ओपीडीत पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न ठरलेला असतो : जन्मल्याबरोबर रडलं होतं का? आई सांगते, "थोडं उशिरा रडलं." डॉक्टर तेवढं लिहून घेतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

हा घटनाक्रम त्या तीन शब्दांचा आहे. यातलं बाळ कुणा एका घरचं नाही. अशा रात्रींमध्ये जे पुन्हा पुन्हा घडतं, ते इथे एका रात्रीत आणि एका दिवसात ठेवलं आहे, म्हणून आईला, प्रसूतिगृहाला, डॉक्टरांना नावं नाहीत. मेंदूच्या आत चालणारं घड्याळ मात्र खरं आहे. औषधांचे डोस आणि अभ्यासांचे आकडेही खरे आहेत. शेवट आधीच सांगतो : संध्याकाळी ६.३५ ला बाळाला आकडी येते.

रात्री ९.१५

मसाट, सिल्वासा. सुताच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची चाळ, दहा बाय बाराची खोली. २१ वर्षांची पहिलटकरीण. दिवस भरून पाच दिवस झालेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेर धुळ्याकडे, आणि आठव्या महिन्यात एवढा प्रवास नको म्हणून ती इथेच राहिली. सासू गावाहून आली.

पोटातलं पाणी गेलं. परकरावर हिरवट डाग पडला. खोलीत एकच पिवळा बल्ब. सासूने परकर बादलीत भिजवला.

पाणी हिरवं असणं म्हणजे बाळाने पोटातच शी केली आहे. दिवस उलटून गेल्यावर ते नुसतंही होतं. बाळ गुदमरत असलं तरीही होतं. यांतलं कुठलं, हे डागावरून कळत नाही, पण डाग पाहिला तर निदान घाई होते.

रात्री १०.००

दुपारपासून बाळ कमी फिरतंय, असं तिला वाटत होतं. आशाताईंनी सांगून ठेवलं होतं की हालचाल कमी वाटली तर कळांची वाट न बघता निघायचं. शेजारणीने सांगितलं होतं की बाळंतपणाआधी बाळ शांतच होतं. तिने शेजारणीचं ऐकलं.

रात्री ११.२०

कळा दहा मिनिटांवर. नवरा रात्रपाळीला, आठ ते आठ. मोबाइल कारखान्याच्या गेटवर जमा. सासूने दोनदा फोन लावला आणि तो उचलेल म्हणून पाऊण तास थांबली. १०८ ला फोन करायचं सुचलं तेव्हा शेजाऱ्याने रिक्षा आणली होती.

रात्री १२.२०

शहरातलं एक लहान प्रसूतिगृह. रात्रीला एक सिस्टर, एक आया. डॉक्टर घरी, फोनवर.

पिशवीचं तोंड ४ सेंटीमीटर उघडलेलं. बाळाचे ठोके मिनिटाला १४४. ११० ते १६० म्हणजे चांगले. सिस्टरने पार्टोग्राफचा कागद काढला. हा कागद १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, वापरात आणला. डॉक्टर लांब असतील तिथे सुईणीला कळावं की आता थांबू नये, एवढ्यासाठी. त्यावर दोन तिरप्या रेघा असतात, चार तासांच्या अंतराने. पहिली ओलांडली तर सावध व्हायचं, दुसरी ओलांडली तर काहीतरी करायचं.

बाईला टेबलावर घेतलं. घड्याळ तिच्या डोक्यामागच्या भिंतीवर.

रात्री २.२०

५ सेंटीमीटर. हिशेबाने ६ हवे होते. पहिली रेघ ओलांडली. ठोके १३६.

सिस्टरने डॉक्टरांना उठवलं. डॉक्टर म्हणाले, ड्रिप लाव. रिंगर लॅक्टेटची ५०० मिलिलिटरची बाटली, त्यात ऑक्सिटोसिनची ५ युनिट, मिनिटाला ८ थेंबांपासून सुरुवात. असं सांगणं चूक नव्हतं. पाणी कोणत्या रंगाचं होतं, हे त्यांनी विचारलं नाही.

रात्री २.५०

१६ थेंब.

कळ येते तेव्हा गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि वारेकडे जाणारं रक्त तेवढा वेळ अडतं. कळ सुटली की पुन्हा वाहू लागतं. बाळ प्राणवायू भरून घेतं ते दोन कळांच्या मधल्या वेळात. दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त कळा आल्या तर ती उसंत उरत नाही. म्हणून ड्रिप चालू असताना कळा मोजायच्या असतात. दहा मिनिटं पोटावर हात ठेवून बसायला एक माणूस लागतं.

पहाटे ३.१०

ठोके ११८. अजून ११० च्या वर. सिस्टरने कागदावर टिंब काढलं.

दार वाजलं. दुसरी बाई आली होती, तिसरी खेप, बाळाचं डोकं दिसत होतं.

पहाटे ३.१० ते ४.०५

पार्टोग्राफवर या ५५ मिनिटांत एकही टिंब नाही.

दुसऱ्या टेबलावर ३.३१ ला मुलगी झाली. रडली. वार पडायला वेळ लागला, रक्तस्राव जास्त वाटला, सिस्टर तिथेच अडकली. सोळा थेंब चालू राहिले. सासू दाराबाहेर बाकावर बसली होती. तिने आयाला विचारलं, "ती एवढी सारखी का ओरडते?" आया म्हणाली, "पहिलटकरीण आहे ना."

पहाटे ४.०५

ठोके ८८. कळ सुटल्यावरही वर यायला वेळ लागतोय. सिस्टरने ड्रिप बंद केली, बाईला डाव्या कुशीवर वळवलं, प्राणवायूचा मास्क लावला, डॉक्टरांना बोलावलं. सगळं योग्य क्रमाने, तीन मिनिटांत. तपासताना हातमोज्याला घट्ट हिरवं लागलं. पाण्याचा रंग पहिल्यांदा आता लिहिला गेला.

पहाटे ४.२५

डॉक्टर पोहोचले. तोंड पूर्ण उघडलेलं, डोकं अजून वर. सिझर करायचं तर भुलीचे डॉक्टर वापीहून येणार, म्हणजे चाळीस मिनिटं तरी. "अर्ध्या तासात मोकळी होईल," डॉक्टर म्हणाले. ते बरोबर निघालं. २७ मिनिटांत झाली.

पहाटे ४.५२

मुलगा. अंगभर हिरवा लेप. हातपाय लोंबते, रंग फिकट निळा. आवाज नाही.

पहाटे ४.५३

न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायची पद्धत मांडली : रंग, ठोके, प्रतिसाद, स्नायूंचा ताण, श्वास. एका मिनिटाला बाळाचे गुण २. दोन्ही ठोक्यांचेच.

जगभर शिकवलं जातं की पहिल्या मिनिटाच्या आत बाळाने श्वास घेतला पाहिजे, नाहीतर मास्कने द्यायला सुरुवात झाली पाहिजे. भारतात नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमातून २००९ पासून हेच शिकवतात. यंत्र साधं आहे : एक रबरी फुगा, एक मास्क, मिनिटाला ४० ते ६० वेळा दाबायचा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने हे काम गावातल्या आरोग्यदूत बायांना शिकवलं, ३९ गावांत, झोपडीतल्या बाळंतपणात. तीव्र गुदमरलेल्या बाळांतला मृत्यूदर तिथे ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आला.

या टेबलावर आधी सक्शन झालं. हिरवं पाणी दिसलं की घशातून ओढून काढायचं, ही जुनी सवय. निपचित बाळातही सरसकट असं करू नये, असं आता मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण त्यात वेळ जातो. इथे एक मिनिट चाळीस सेकंद गेले.

पहाटे ४.५४

अँबू बॅग, म्हणजे तो रबरी फुगा, कपाटात होती. तिला शून्य नंबरचा मास्क लावलेला, कमी दिवसांच्या बाळाचा. गालाच्या बाजूने हवा सुटत होती, छाती हलत नव्हती. एक नंबरचा मास्क खालच्या कप्प्यात होता.

पहाटे ४.५५

मास्क बसला. छाती उचलली.

पहाटे ४.५७

पाच मिनिटांचे गुण ५. ठोके १०० च्या वर. ओठ गुलाबी व्हायला लागले.

पहाटे ४.५९

बाळ रडलं. बारीक, मांजरीच्या पिल्लासारखं, पण रडलं. बाहेर सासूने हात जोडले. आयाने विचारलं, "पेढे कधी?"

दहा मिनिटांचे गुण ७. कागदावर हा आकडा चांगला दिसतो.

सकाळी ५.३०

वजन २,५०० ग्रॅम. व्हिटॅमिन के टोचलं. नाळ चिमट्याने बंद. बाळ उबेत.

डोळे टक्क उघडे, पापणी क्वचित लवत होती. सासू म्हणाली, "बघ कसा टकमक बघतोय, हुशार होणार." १९७६ मध्ये सार्नाट दांपत्याने गुदमरलेल्या बाळांच्या मेंदूच्या अवस्थांची जी पायरी लावली, तिच्या पहिल्या पायरीवर हेच लक्षण आहे : ताणलेली जाग, न मिटणारे डोळे.

सकाळी ६.००

बाहेरून सगळं ठीक होतं, कारण आतून या घटकेला बरंचसं ठीकच होतं.

मेंदूच्या पेशीची शक्ती दोनदा संपते. पहिल्यांदा गुदमरताना. मग श्वास सुरू होतो, रक्त वाहतं, पेशी पुन्हा शक्ती भरून घेते आणि काही तास सावरल्यासारखी वागते. लंडनमध्ये ऑस्मंड रेनॉल्ड्स यांच्या गटाने १९८० च्या दशकात बाळांच्या मेंदूतला फॉस्फरस चुंबकीय यंत्राने मोजला, तेव्हा हा मधला शांत काळ दिसला. साधारण सहा तासांचा, कधी जास्त. नंतर पेशीतली वीजघरं दुसऱ्यांदा बंद पडू लागतात, आणि या वेळी श्वास चालू असूनही.

बाळ या शांत काळात होतं.

सकाळी ८.४०

बाप आला. पाळी संपल्यावर गेटवर मोबाइल हातात पडला, तेव्हा अकरा मिस्ड कॉल. त्याने बाळाचा ४० सेकंदांचा व्हिडिओ काढून धुळ्याला पाठवला. मग पेढे आणायला गेला.

सकाळी ९.१०

राऊंड. रंग गुलाबी, श्वास मिनिटाला ५२, अंग गरम. सिस्टर म्हणाली, "दूध ओढत नाही." डॉक्टर म्हणाले, "थकलंय. दिवसभरात शिकेल."

बाळाचं डोकं किंचित मागे सोडून दचकण्याचा प्रतिसाद पाहायला दहा सेकंद लागतात. तोंडात बोट देऊन चोखणं पाहायला दहा. टाचेला टोचून साखर पाहायला एक मिनिट. ग्लुकोमीटर वरच्या मजल्यावर होता, मधुमेहाच्या पेशंटसाठी.

गुदमरताना बाळ आपली साठवलेली साखर भराभरा जाळतं. नंतर त्याला दूध मिळालं नाही तर रक्तातली साखर घसरते, आणि मेंदूला दुसरा मार बसतो. मुंबईत डॉ. व्रजेश उदानी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये दाखवलं की जुन्या इजेमुळे तान्हेपणी सुरू होणाऱ्या अपस्मारांमागे जन्मानंतरच्या दिवसांतली ही साखरेची घट हे एक मोठं, आणि फारसं न ओळखलेलं, कारण आहे. इजा मेंदूच्या मागच्या भागाला होते, जिथे दिसतं ते समजतं.

सकाळी ९.३०

चीक आला होता, दोन-तीन थेंब. "तो पिवळा टाकून दे," सासू म्हणाली. तिच्या चारही बाळंतपणांत तो टाकला होता. मधाचं बोट चाटवलं. बाळाने जीभ हलवली नाही. मध ओठावरून हनुवटीवर आला.

सकाळी १०.५२

सहा तास पूर्ण.

ही वेळ खोलीत कुणी पाहिली नाही. पाहावी असं काही दिसतही नव्हतं. पण श्रीमंत देशांत गुदमरलेल्या बाळाच्या उशाशी हा आकडा लिहिलेला असतो. सहा तासांच्या आत त्याचं अंग ३३.५ अंशांवर आणायचं आणि ७२ तास तिथेच ठेवायचं. थंडीत पेशीची दुसरी पडझड मंदावते. २०१३ मध्ये ११ चाचण्यांतल्या १,५०५ बाळांचा एकत्र हिशेब झाला. मृत्यू किंवा मोठं अपंगत्व न थंड केलेल्यांत ६१ टक्के, थंड केलेल्यांत ४६.

मग इथे हे यंत्र असतं तर? असा प्रश्न मनात येतो आणि चटकन उत्तरही सुचतं. ते उत्तर चुकीचं ठरलं आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या रुग्णालयांत, त्यांत मुंबईचं सायन रुग्णालयही होतं, ४०८ बाळांवर 'हेलिक्स' नावाची चाचणी झाली. निकाल २०२१ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. मृत्यू किंवा अपंगत्व थंड केलेल्यांत ५० टक्के, न केलेल्यांत ४७, म्हणजे फरक नाहीच. मृत्यू मात्र थंड केलेल्यांत ४२ टक्के आणि न केलेल्यांत ३१.

असं का, यावर वाद चालू आहे. एक स्पष्टीकरण मला पटतं : आपल्याकडच्या पुष्कळ बाळांचं घड्याळ जन्माच्या क्षणी सुरू होत नाही. ते कळांच्या कित्येक तासांत, हळूहळू गुदमरताना, सुरू झालेलं असतं. १०.५२ हा आकडा पहाटे ४.५२ पासून मोजला आहे. मोजायचं रात्री २.५० पासून असेल, तर ही वेळ सकाळी नऊलाच, राऊंडच्या आधी, निघून गेली.

दुपारी १.२०

बाळ झोपेत ओठ चाळवतंय. चुटूक, चुटूक, थांबून पुन्हा. सासूला बरं वाटलं. "भूक लागली बघ." छातीशी धरलं. बाळाने तोंड उघडलं नाही, चाळवणं तसंच चालू राहिलं.

नवजात बाळाची आकडी मोठ्या माणसासारखी नसते. त्याच्या मेंदूतल्या तारांवर अजून पुरतं आवरण चढलेलं नसतं, म्हणून विजेचं वादळ सगळ्या अंगभर पसरत नाही. ते कुठेतरी कोपऱ्यात उठतं आणि ओठांच्या चाळवण्यात, नजरेच्या एका बाजूला अडकण्यात, पाय हलवण्यात बाहेर पडतं. पुष्कळदा कशातच बाहेर पडत नाही. आयर्लंडमधल्या कॉर्क इथे ९ बाळांच्या डोक्याला सतत ईईजी लावून व्हिडिओ घेतले. अभ्यास २००८ मध्ये छापला गेला. यंत्राने ५२६ झटके टिपले. त्यांतले १७९ अंगावर काहीतरी दाखवून गेले. पहाऱ्यावरच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी १७७ वेळा "झटका" अशी नोंद केली आणि त्यांतल्या ४८ खऱ्या निघाल्या. म्हणजे अकरा झटक्यांतला एक माणसाला ओळखता आला. तेही अतिदक्षता कक्षात, त्याच कामासाठी नेमलेल्या माणसांना.

या खोलीत एक सासू होती आणि टाके पडलेली, रात्रभर न झोपलेली आई.

दुपारी २.४५

बाळाची नजर उजवीकडे गेली आणि तिथेच राहिली. चाळीसेक सेकंद. मग तोंडाचा एक कोपरा दोनदा ओढला गेला.

आईने पाहिलं. "आई, हे बघा ना, असं का करतो?"

सासू हसली. "सटवाई हसवते गं. सगळ्यांना हसवते."

आई गप्प बसली. तिने सिस्टरला हाक मारायला मान वळवली होती. आता ती परत उशीवर टेकली.

दुपारी ४.१०

दोन्ही पाय सायकल मारल्यासारखे फिरताहेत. बाप आला होता, त्याने व्हिडिओ काढला. आजोबांनी गावाहून उत्तर पाठवलं : पैलवान. हा व्हिडिओ पुढे पाच महिन्यांनी डॉक्टर पाहतील आणि दोनदा मागे नेऊन पाहतील.

हातपाय थरथरतात ते प्रत्येक वेळी आकडीनेच, असं नाही. भुकेने, थंडीने, दचकूनही थरथरतात. फरक ओळखायची जुनी खूण आहे. हात हलकेच मुठीत धरायचा. थरथर असेल तर थांबते, झटका असेल तर मुठीतही चालू राहतो. खोलीतल्या कुणाला ही खूण माहीत नव्हती आणि तिथे तेव्हा सिस्टर नव्हती. पाळी बदलत होती.

संध्याकाळी ५.३०

ओठ पंधरा-वीस सेकंद निळसर. श्वास थांबून पुन्हा सुरू. आईने सांगितलं. नव्या पाळीच्या सिस्टरने बाळाला हात लावला, पाय गार होते, तिने दुसरं दुपटं गुंडाळलं. "गारठलंय. टोपी घाला." बाळ साडेबारा तासांत काहीच प्यालं नव्हतं, हे सकाळच्या सिस्टरला ठाऊक होतं. पाळी बदलताना ते सांगायचं राहिलं.

संध्याकाळी ६.३५

उजवा हात कोपरात ओढला गेला, सुटला, ओढला गेला. सेकंदाला एक-दोन वेळा, एका लयीत. मग उजवा पाय. मान मागे, जबडा घट्ट, तोंडाशी फेस. सिस्टरने हात मुठीत धरला. तो मुठीतही हलत राहिला.

घरच्यांच्या लेखी सगळं इथून सुरू झालं. "संध्याकाळपर्यंत चांगला होता," असं ते पुढे सगळीकडे सांगतील.

संध्याकाळी ६.४१

वरच्या मजल्यावरून ग्लुकोमीटर आला. साखर २६. चाळीसच्या खाली धोका.

१० टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, किलोला २ मिलिलिटर, म्हणजे ५ मिलिलिटर, शिरेतून. एवढ्याशा हाताची शीर तिसऱ्या प्रयत्नात सापडली. ६.५२ ला साखर आत गेली. झटका थांबला नाही.

संध्याकाळी ७.१५

नवजात बाळांचा विशेष कक्ष. वॉर्मर, मॉनिटर, प्राणवायू. फेनोबार्बिटल, किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅम, वीस मिनिटांत सावकाश. हे औषध १९१२ पासून बाजारात आहे, आपल्याकडे गार्डिनल या नावाने ओळखीचं. शंभरावर वर्षं झाली तरी नवजात बाळासाठी पहिलं औषध हेच. २०२० मध्ये त्याची नव्या लेव्हेटिरॅसिटॅमशी तुलना झाली. चोवीस तास झटके बंद राहिले ते जुन्या औषधाने ८० टक्के बाळांत, नव्याने २८ टक्के बाळांत.

रात्री ८.००

कक्षातल्या डॉक्टरांनी कारणांची यादी संपवायला घेतली. कॅल्शियम पाठवलं. मेंदूज्वर नाही ना, म्हणून पाठीतलं पाणी काढलं आणि अँटिबायोटिक निकालाआधीच सुरू केलं. रक्तस्राव, मेंदूतली गुठळी यांसाठी टाळूवरून सोनोग्राफी, पुढे एमआरआय. आईवडिलांपैकी कुणाला तान्हेपणी असे झटके आले होते का, हेही विचारलं, कारण काही कुळांत एका जनुकामुळे ते येतात आणि आपोआप जातातही. बी-६ जीवनसत्त्वाच्या दोषाने येणारे झटके विरळ, पण ते जीवनसत्त्व टोचताच थांबतात, म्हणून तेही विसरायचं नसतं. एके काळी नवजात बाळ ताठ झालं की पहिला संशय धनुर्वाताचा असे. तो सहसा तिसऱ्या दिवसानंतर येतो, आणि माता व नवजातांच्या धनुर्वातातून भारत मोकळा झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं.

यादी संपत संपत पुन्हा पहिल्या ओळीवर येऊन थांबली : जन्मताना गुदमरणं. पूर्ण दिवसांच्या बाळांत सर्वाधिक आढळणारं कारण तेच असतं. डॉक्टरांनी प्रसूतिगृहाचा कागद मागवला. पार्टोग्राफवर ३.१० आणि ४.०५ यांच्या मधली कोरी जागा त्यांनी बोटाने मोजली. काही बोलले नाहीत.

रात्री ९.३०

हातपाय शांत. बापाला सांगितलं, "झटके थांबले." ईईजी यंत्र तिथे नव्हतं. औषधाने अंग थांबतं आणि मेंदूतली वीज चालूच राहते, असं या वयात वारंवार होतं. म्हणून "थांबले" याचा अर्थ "दिसायचे थांबले" एवढाच घ्यावा लागतो.

सहावी रात्र

बाळ कक्षातच, नळीने दूध. सासूने खोलीत पाट मांडला, हळदकुंकू वाहिलं, सटवाईने नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलं. पाटाशेजारी रिकामं दुपटं अंथरलं.

बारावा दिवस

घरी. अंगावर थोडं थोडं पितं. गार्डिनल बंद करून सोडलं. एमआरआयच्या अहवालात इंग्रजीत सहा ओळी. खोलवरच्या गाठींमध्ये बदल, मागच्या भागातही. बापाने विचारलं, "म्हणजे काय?" डॉक्टर म्हणाले, "वाढीवर लक्ष ठेवायचं." ते खोटं बोलले नाहीत. नवजातपणी झटके आलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्क्यांना पुढे अपस्मार जडतो, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात दिसतं, आणि त्यातल्या बहुतेकांना पहिल्या वर्षातच. किती जण चालतील, किती बोलतील, हे त्या बाराव्या दिवशी कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आशाताई १४ व्या, २१ व्या, २८ व्या आणि ४२ व्या दिवशी येऊन गेल्या. वजन वाढत होतं.

पाचवा महिना

मान धरत नाही. अंगठा मुठीत दुमडलेला, उघडला की पुन्हा मिटतो. आईच्या तोंडाकडे बघत नाही, ट्यूबलाइटकडे बघतो. आठवड्यापासून झोपेतून उठताना एकदम पुढे वाकतो, हात पसरतो, सोडतो, पुन्हा वाकतो. दहा-बारा वेळा.

ओपीडी. डॉक्टरांनी फाइल उघडली. प्रसूतिगृहाच्या कार्डावर छापील ओळ आहे, 'बाळ जन्मताच रडले का', आणि पुढे 'हो'वर खूण. डॉक्टरांनी तरी विचारलं.

"थोडं उशिरा रडलं," ती म्हणाली.

"किती उशिरा?"

ते तिला सांगता आलं नाही. घड्याळ तिच्या डोक्यामागच्या भिंतीवर होतं.